शैलचित्रांच्या नकला व आधुनिक चित्रकार : न्यूयॉर्कच्या १९३७ च्या प्रदर्शनाचें परीक्षण

न्यूयॉर्क येथील आधुनिक कलेच्या संग्रहालयानें इ. स. १९३७ मध्यें २८ एप्रिलपासून ३० मेपर्यंत एक प्रदर्शन भरविलें होतें. यूरोप व आफ्रिका या खंडांतील प्रागैतिहासिक शैलचित्रें हा त्याचा विषय. खालच्या मजल्यांवर सुमारें दीडशें शैलचित्रें लावलीं होतीं. चौथ्या मजल्यावर पॉल क्ले, जोआन मिरो, हान्स आर्प, आंद्रे मासों, मिखाइल लारिओनोव व व्लादिमिर लेबेदेव या तत्कालीन सहा चित्रकारांच्या कृति होत्या. हजारों वर्षांपूर्वीं गुहेंत जें चाललें होतें तेंच आज पुन्हा चाललें आहे, असें जिना चढून वर येणाऱ्या प्रेक्षकास वाटावें, अशी ही योजना. प्राचीन कला व आधुनिक चित्रकार यांचें नातें सांगणाऱ्या पुष्कळ लिखाणांत तेव्हांपासून या प्रदर्शनाचा हवाला देण्याचा प्रघात पडला आहे.

त्या गोष्टीस आतां ऐंशींवर वर्षें लोटलीं. तेव्हां प्रदर्शन पाहून आलेल्यानें लिहिलेलें हें परीक्षण नव्हे. प्रदर्शनें उठतात, भिंती मोकळ्या होतात, परंतु मागें ठेवलेल्या समजुती टिकून राहतात, आणि परीक्षण करावयाचें तें त्या समजुतींचें. शिवाय तोच संग्रह २०१६ मध्यें बर्लिन येथील मार्टिन ग्रोपियस भवनांत पुन्हा मांडला गेला व १९३७ ची हकीकत त्या निमित्तानें नव्यानें सांगण्यांत आली. अस्सल व नक्कल, आधारप्रत व तीवरून उतरलेली प्रत, यांचा झगडा ज्यांच्या नित्य परिचयाचा आहे, त्या आमच्या वाचकांस हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं.

पहिली गोष्ट ही कीं, खालच्या मजल्यांवर शैलचित्रें नव्हतींच. खडक उचलून न्यूयॉर्कला नेतां येत नाहीं. तेथें ज्या होत्या त्या नकला : कागदावर व कापडावर जलरंगांनीं उतरलेल्या, पुष्कळशा मूळ आकाराएवढ्या. त्या सर्व जर्मनींतील फ्रांकफुर्ट येथील लिओ फ्रोबेनियस यांच्या संस्थेच्या दप्तरांतून आल्या होत्या. फ्रोबेनियस (१८७३–१९३८) हे मुख्यतः आफ्रिकेच्या संस्कृतींचे अभ्यासक. १९१३ मध्यें ॲटलास पर्वताच्या भागांत, १९२८ ते १९३० या काळांत दक्षिण आफ्रिकेंत, १९३२ मध्यें फेझानांत, नंतर लिबियाच्या वाळवंटांत, आणि १९३४ पासून पुढें स्पेन, फ्रान्स, नॉर्वे व उत्तर इटली येथें त्यांच्या मोहिमा निघाल्या. या मोहिमांबरोबर चित्रकार असत, आणि त्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. आग्नेस शुल्त्स, मारिया वायर्सबेर्ग, एलिझाबेथ मान्सफेल्ड, काथारिना मार हीं नांवें त्यांतील होत. योआखिम लुत्स हे दक्षिण आफ्रिकेच्या मोहिमेंतील एक पुरुष चित्रकार. दिवसच्या दिवस उन्हांत किंवा कपारींत बसून यांनीं या नकला उतरल्या. खडकाच्या भेगा, डाग, उतरून गेलेला रंग, हें सारेंहि त्यांनीं अनेक नकलांत रंगवून घेतलें आहे. जीर्ण पोथीची नक्कल करतांना कसर लागलेल्या जागा मोकळ्या सोडणारा प्रामाणिक लहिया जसा, तशी ही वृत्ति. आणि ती आदरास पात्र आहे.

परंतु लहिया कितीहि प्रामाणिक असला तरी त्याच्या हाताचें वळण अक्षरांत उतरतेंच. अल्तामिराच्या गुहेंतील रानगवे छतावर आहेत. छत इतकें ठेंगणें होतें कीं चित्रें पाहावयाची तर पाठ टेकून पाहावीं लागत. छताच्या दगडास जेथें मुळांतच फुगवटा आहे तेथें चित्रकारानें बसलेल्या जनावराचें अंग बसविलें, म्हणजे निम्मी आकृति निसर्गाची व निम्मी माणसाची. ही आकृति सपाट कागदावर घेतली कीं फुगवटा जातो आणि त्याच्या जागीं छायाप्रकाशाची युक्ति येते. दुसरें असें कीं, अनेक ठिकाणीं एकाच खडकावर चित्रावर चित्र काढलेलें असतें. खरवडून पुन्हा लिहिलेल्या चर्मपत्रासारखी ती स्थिति. त्यांतील वरचा थर कोणता, खालचा कोणता, कोणती रेषा कोणत्या प्राण्याची, हें ठरविल्याशिवाय कुंचला चालत नाहीं. ठरविणें म्हणजे पाठनिर्णय करणें. सर्वांत महत्त्वाची गोष्ट चौकटीची. खडकावरील चित्रास चौकट नसते. कोठून आरंभ करावा व कोठें थांबावें हें नक्कल करणारा ठरवितो, आणि मग तें चौकोनी, सपाट, भिंतीला टांगण्याजोगें चित्र बनतें.

विचार करावयाचा मुद्दा येथें आहे. हे नक्कलकार १९२० नंतरच्या जर्मनींत चित्रकलेचें शिक्षण घेतलेले होते. सपाट रंग, ठसठशीत बाह्यरेषा, रिकाम्या जागेचा धीट उपयोग, यांची संवय त्यांच्या डोळ्यांस आधींच लागलेली होती. म्हणजे गुहेंतील चित्र न्यूयॉर्कच्या भिंतीवर येईपर्यंत अर्धें आधुनिक होऊनच आलें होतें. खालच्या व वरच्या मजल्यांत जें सादृश्य प्रेक्षकांस दिसलें त्याचा कांहीं भाग गुहेचा, कांहीं भाग चौथ्या मजल्यावरील चित्रकारांचा, आणि कांहीं भाग तरी या दोहोंमध्यें जिन्यावर उभ्या असलेल्या नक्कलकाराचा आहे. या तिसऱ्या भागाची मोजदाद केल्यावांचून पहिल्या दोहोंचें नातें जुळविणें म्हणजे मधल्या प्रतीचा पत्ता नसतां दोन पोथ्यांचा वंशवृक्ष काढणें होय.

नक्कलकाराकडे दुर्लक्ष होण्याची, किंवा त्याजवर भलताच आळ येण्याची, ही कांहीं पहिली वेळ नव्हे. अल्तामिराचीं चित्रें मार्सेलिनो दे सौतुओला यांस १८७९ मध्यें सांपडलीं. त्यांच्या लहान मुलीच्या नजरेस तीं प्रथम पडलीं, ही कथा प्रसिद्ध आहे. चित्रांच्या प्रती करून घेण्यासाठीं त्यांनीं एका फ्रेंच चित्रकाराची मदत घेतली होती. पुढें विद्वानांनीं अल्तामिरास बनावट ठरविलें तेव्हां, या नक्कल करणारानेंच भिंत रंगविली असावी, असा संशय घेण्यांत आला! सौतुओला १८८८ मध्यें निवर्तले, आणि एमिल कार्ताय्याक यांनीं आपला आक्षेप जाहीरपणें मागें घेतला तो १९०२ मध्यें. त्याच वर्षीं आबे ब्रय यांनीं तेथें बसून नवीन नकला केल्या. गुहेच्या दमट हवेंत जलरंग वाळेना म्हणून त्यांनीं पेस्टल खडूंचा आश्रय केला. यूरोपनें अल्तामिरा पाहिली ती बव्हंशीं या खडूंतून. मूळ चित्राच्या कडा इतक्या मखमली आहेत किंवा कसें, हा प्रश्न त्या काळच्या रसिकांस पडल्याचें फारसें दिसत नाहीं.

आतां चौथ्या मजल्याकडे वळूं. संग्रहालयाचे संचालक आल्फ्रेड बार यांनीं प्रदर्शनाच्या ग्रंथास जी प्रस्तावना जोडली ती आखूड पण चतुर आहे. विसाव्या शतकाच्या कलेवर प्रागैतिहासिक भित्तिचित्रांच्या परंपरेचा प्रभाव पडून चुकला आहे, असें विधान त्यांनीं आरंभींच केलें. पुढें मात्र अल्तामिराचे गवे, नॉर्वेच्या खडकांवर कोरलेले प्राणी, पूर्व स्पेनमधील धांवते शिकारी यांचे गुण वर्णून, हयात चित्रकार या गोष्टी वाखाणतात, एवढ्यावर ते येऊन थांबतात. प्रभाव व कौतुक या भिन्न गोष्टी आहेत. ज्ञानेश्वरीचें कौतुक करणारा प्रत्येक कवि ओवी लिहितो असें नाहीं. बार यांच्या बुद्धिमत्तेविषयीं आम्हांस शंका नाहीं. अमेरिकेंत सरकारी खर्चानें भित्तिचित्रें रंगविण्याचें काम त्या वेळीं जोरांत होतें व नव्या चित्रकारास जुन्या भिंतीचा आधार दाखविणें त्यांस इष्ट वाटलें असल्यास नवल नाहीं. पण इष्ट असणें आणि सिद्ध असणें यांत अंतर आहे.

सिद्ध करावयाचें तर काय लागतें? चित्रकारानें काय पाहिलें, केव्हां पाहिलें, अस्सल पाहिलें कीं नक्कल कीं छापील पुस्तकांतलें पानभर चित्र, आणि तें पाहिल्यानंतर त्याच्या हातांत कोणता पालट झाला, एवढें तरी सांगतां आलें पाहिजे. फ्रोबेनियस यांच्या नकला पॅरिस येथें १९३० मध्यें साल प्लेयेल येथें व १९३३ मध्यें त्रोकादेरो येथील मानववंशसंग्रहालयांत दाखविल्या गेल्या. मिरो, मासों, आर्प यांचा त्या शहराशीं संबंध होता. यावरून शक्यता सिद्ध होते, घटना नव्हे. पुण्यांत राहणाऱ्या प्रत्येकानें शनिवारवाड्याची नगारखान्याची इमारत आंतून पाहिलेली असतेच असें कोण म्हणेल? उलट कालक्रमच कांहीं ठिकाणीं आडवा येतो. मासों यांचीं वाळू व सरस वापरून केलेलीं चित्रें १९२६–२७ पासूनचीं आहेत. मिरो यांची चिन्हांसारख्या, तरंगत्या आकृतींची रीति १९२४–२५ मध्येंच रूढ झालेली दिसते. १९३० च्या प्रदर्शनानें १९२५ च्या चित्रावर संस्कार केला असें म्हणणें म्हणजे पानपतच्या बातमीनें बाजीरावांचें मन खचलें असें म्हणण्यासारखें आहे. छापील चित्रांचा मार्ग उरतो, व तो खराहि असूं शकेल. परंतु छापील पानावर आकार जातो, बहुधा रंगहि जातो, आणि राहते ती रेषा. मग प्रभाव मानावयाचा तो गुहेचा कीं ठसे बनविणाऱ्याचा, हा प्रश्न पुन्हा उभा राहतोच.

याच मिरो यांच्याविषयीं एक निर्विवाद नोंद आहे, व ती मुद्दाम सांगण्यासारखी आहे. पॅरिस येथील युनेस्कोच्या इमारतीसाठीं दोन भाजलेल्या मातीच्या भिंती करण्याचें काम त्यांस मिळालें तेव्हां, १९५७ मध्यें, ते आपले सहकारी लोरेन्स आर्तिगास यांस बरोबर घेऊन अल्तामिरा येथें गेले. ही गोष्ट त्यांनीं स्वतः लिहून ठेविली आहे. येथें चित्रकार आहे, गुहा आहे, साल आहे, हेतु आहे आणि त्यानंतर घडलेली भिंतहि आहे. त्या भिंतींचा पृष्ठभाग खडबडीत व डागाळलेला ठेवण्यांत अल्तामिराच्या दगडाची आठवण आहे, असें कोणी म्हटल्यास आम्ही मान हालवूं. परंतु १९५७ चा हा पुरावा १९३७ मध्यें टांगलेल्या चित्रास लागूं करतां येत नाहीं. सनद ज्या सालची त्या सालापासूनच वतन.

पुराव्याशिवाय किती मोठा डोलारा उभा राहतो याचें उदाहरण पिकासो यांच्या नांवावर सांगितल्या जाणाऱ्या एका वचनांत मिळतें. गुहाचित्रांपुढें आपण सारे फिके, किंवा आपण नवें कांहींच काढलें नाहीं, अशा आशयाचे उद्गार त्यांनीं गुहा पाहून काढले, असें शेंकडों पुस्तकांत छापलें आहे. कोणी तें अल्तामिराविषयीं सांगतो, कोणी लास्कोविषयीं. प्रागैतिहासिक कलेचे अभ्यासक पॉल बान यांनीं या वचनाचा माग काढून २००५ मध्यें आपला शोध प्रसिद्ध केला. त्यांस या उद्गारांचा समकालीन आधार मिळाला नाहीं. पिकासो त्या गुहांत कधीं गेल्याचाहि विश्वसनीय दाखला मिळाला नाहीं. आपल्याकडे थोर पुरुषांच्या तोंडीं घातलेलीं वाक्यें बखरींतून क्रमिक पुस्तकांत व तेथून व्यासपीठावर कशीं जातात हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस यांत आश्चर्य वाटणार नाहीं.

गंमत अशी कीं, पिकासो यांच्या बाबतींत खरा पुरावा हातीं असतांना हा खोटा कशाला वापरावा? फ्रान्समध्यें लेस्प्युग येथें १९२२ मध्यें हस्तिदंताची एक लहान स्त्रीमूर्ति सांपडली. खोदतांना ती दुखावली होती. तिचे ओतीव ठसे पिकासो यांच्या कपाटांत होते, अशी त्यांचे छायाचित्रकार मित्र ब्रासाय यांनीं नोंद केली आहे. आणि ठसे दोन होते : एक मूर्ति जशी सांपडली तसा, भंगलेला, व दुसरा तुटका भाग जुळवून पूर्ण केलेला. एक यथामूल प्रत व दुसरी संशोधित आवृत्ति! जो मनुष्य दोन्ही जवळ ठेवतो त्यास अस्सल व दुरुस्त यांतील फरक कळत होता, असें मानावयास हरकत नाहीं. अशी एक लहान नोंद त्या गाजलेल्या वचनापेक्षां अधिक मोलाची आहे.

सादृश्य हाच पुरावा मानला म्हणजे काय होतें याचें याहून कठोर उदाहरण त्याच वर्षीं, न्यूयॉर्कपासून दूर, म्यूनिक येथें घडलें. तेथें १९ जुलै १९३७ रोजीं नाझी सरकारनें ‘भ्रष्ट कला’ या नांवाखालीं एक प्रदर्शन उघडलें. आधुनिक चित्रकारांची विटंबना हा त्याचा उघड हेतु. ज्या क्ले यांच्या कृति एप्रिल-मेमध्यें फ्रांकफुर्टच्या नकलांसमवेत सन्मानानें टांगल्या गेल्या, त्यांच्याच सतरा कृति येथें उपहासासाठीं लाविल्या होत्या. यांचें चित्र रानटी माणसाच्या चित्रासारखें दिसतें, हा तेथील आरोपांतला एक मुख्य आरोप होता. म्हणजे न्यूयॉर्कनें ज्या सादृश्याच्या बळावर चित्रकारास वीस हजार वर्षांचें कुलीनत्व दिलें, त्याच सादृश्याच्या बळावर म्यूनिकनें त्यास जातिबाह्य ठरविलें. जें प्रमाण दोन्ही पक्ष सारख्याच सोयीनें वापरूं शकतात तें प्रमाण नव्हे. न्यूयॉर्कचा हेतु सज्जनपणाचा व म्यूनिकचा दुष्टपणाचा, हा भेद कोणी नाकारणार नाहीं. पण पद्धतीचा दोष हेतूनें भरून निघत नाहीं. क्ले यांनीं नेमकें काय पाहिलें होतें हें न्यूयॉर्कनें सांगितलें असतें तर त्यांचा बचाव अधिक भक्कम झाला असता. १९१४ मधील त्यांचा ट्युनिसचा प्रवास व १९२८–२९ च्या हिंवाळ्यांतील ईजिप्तचा प्रवास या तारीखवार माहीत असलेल्या गोष्टी आहेत, आणि त्यांचा त्यांच्या रंगपट्ट्यांशीं संबंध जोडतां येतो. प्राचीन कलेशीं क्ले यांचें नातें शोधावयाचें तर नाईल नदीकांठीं अगोदर जावें लागेल, नंतर गुहेंत.

जॅक्सन पोलॉक हे अमेरिकन चित्रकार तेव्हां न्यूयॉर्कमध्येंच राहत होते. त्यांच्या १९४८ मधील एका मोठ्या पटावर वरच्या कोपऱ्याकडे हाताच्या पंजाचे ठसे आहेत, आणि गुहांतील पंजांची आठवण कोणासहि होईल. तथापि त्यांनीं स्वतः निर्देश केला आहे तो अमेरिकेच्या पश्चिमेकडील आदिवासींच्या वाळूच्या चित्रांचा; १९४१ मध्यें याच संग्रहालयांत नाव्हाहो लोकांनीं तीं काढून दाखविलीं होतीं. चित्रकारानें कंठोक्त सांगितलेलें बाजूस सारून समीक्षकानें आपल्या आवडीचा पूर्वज त्यास चिकटवावा, हें आम्हांस रुचत नाहीं.

हें सर्व वाचतांना मराठी वाचकाचें मन अजिंठ्याकडे गेल्यावांचून राहणार नाहीं, व तें योग्यच आहे. कारण नकलांच्या इतिहासांत अजिंठ्याएवढें दुःखद प्रकरण दुसरें क्वचित् असेल. रॉबर्ट गिल यांनीं १८४४ पासून पुढें अनेक वर्षें खपून केलेल्या नकला लंडनच्या स्फटिकभवनांत ठेविल्या होत्या; त्यांतील बहुतेक १८६६ च्या आगींत गेल्या. मग जॉन ग्रिफिथ्स यांनीं मुंबईच्या कलाशाळेंतील विद्यार्थ्यांकडून १८७२ ते १८८५ या काळांत पुन्हा नकला करविल्या. पेस्तनजी बमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकीं एक. त्यांतील शंभरावर पट १८८५ मध्यें साउथ केन्सिंग्टन येथील आगींत जळाले. जपानी चित्रकार आराइ काम्पो व त्यांचे सोबती यांनीं पहिल्या महायुद्धाच्या काळांत केलेल्या नकला १९२३ च्या तोकियोच्या भूकंपांत नाहींशा झाल्या. आणि हे सर्व चालू असतां मूळ भिंतहि सुखरूप नव्हती. चित्रें स्पष्ट दिसावीं म्हणून नक्कल करणारांनींच त्यांवर वार्निश चढविलें, तें पिवळें पडलें, आणि १९२० ते १९२२ मध्यें निजाम सरकारनें बोलाविलेल्या चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांस त्याच्याशीं झुंजावें लागलें. पोथी वाचतां यावी म्हणून पानास तेल लावावें आणि पुढील पिढीस तें पान काळें मिळावें, तसाच हा प्रकार.

अजिंठ्याचा आधुनिक चित्रकारांशीं जो संबंध आला तो मात्र पुष्कळ अंशीं कागदोपत्रीं सिद्ध करतां येतो. लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर १९०९–११ च्या सुमारास नंदलाल बोस, असितकुमार हालदार, वेंकटाप्पा व समरेंद्रनाथ गुप्त हे तरुण स्वतः लेण्यांत बसून नकला करीत होते. येथें नक्कलकार व नवा चित्रकार एकच. जिन्यावर उभा असलेला मधला माणूसच वर चढून गेला. अमृता शेरगिल यांचें उदाहरण याहूनहि स्वच्छ आहे. पॅरिसची शाळा संपवून आलेली ही चित्रकर्ती १९३६ च्या नोव्हेंबरांत मुंबईस प्रदर्शन करते, तेथून अजिंठा-वेरूळ पाहते, पुढें दक्षिणेंत जाऊन कोचीनजवळील मट्टनचेरी येथील भित्तिचित्रें पाहते, आणि १९३७ मध्यें ‘वधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ व ‘बाजारास निघालेले दक्षिणी खेडूत’ हीं तीन चित्रें करते. वाटेवरील पत्रें उपलब्ध आहेत. मातकट तांबड्या व पांढऱ्या रंगांचा मेळ, एका पातळीवर बसविलेल्या आकृति, चेहऱ्यांवरील निश्चल भाव यांत अजिंठा कोठें व पॅरिसमध्यें पाहिलेला गोगँ कोठें, हा वाद करतां येईल आणि करावा. आमच्या मतें ‘ब्रह्मचारी’ या चित्रांत अजिंठ्याचा वांटा मोठा आहे व ‘वधूचा शृंगार’ यांत गोगँचा. पण वाद करण्यास निदान जागा आहे, कारण प्रवासाची तिथिवार माहिती आहे. न्यूयॉर्कला नकलांचें प्रदर्शन चालू होतें त्याच वर्षीं हीं चित्रें झालीं. आणि प्राचीन कलेपासून चित्रकार काय घेतो याचें त्या वर्षाचें खरें प्रात्यक्षिक आमच्या मतें चौथ्या मजल्यावर नव्हतें, या तीन पटांत होतें.

शैलचित्रांच्या क्षेत्रांत आपल्याकडे जें काम झालें त्याचाहि येथें उल्लेख केला पाहिजे. उज्जयिनीचे विष्णु श्रीधर वाकणकर यांनीं १९५७ मध्यें भीमबेटका उजेडांत आणलें. ते स्वतः चित्रकार होते; मध्य भारतांतील कपारी पायीं तुडवून शैलचित्रांच्या नकला त्यांनीं आपल्या हातानें उतरल्या. चित्र पाहणारा, उतरणारा व त्यावर लिहिणारा असे तिघे एकाच ठिकाणीं आल्यानें वाचकास निदान एकाच व्यक्तीच्या दृष्टीचा हिशेब ठेवावा लागतो. फ्रांकफुर्टच्या संग्रहांत तसें नाहीं. तेथें मोहीम एकाची, हात दुसऱ्याचा व भाष्य तिसऱ्याचें, आणि प्रदर्शनाच्या ग्रंथावर नांवें छापलीं तीं फ्रोबेनियस व डग्लस फॉक्स या दोघांचीं.

बर्लिनच्या २०१६ च्या प्रदर्शनाचा गुण हा कीं, त्यानें हा दोष बराचसा दूर केला. नकला या नकला म्हणूनच मांडल्या, नक्कल करणाऱ्या स्त्रिया शिडीवर, तंबूंत, खडकापुढें बसलेल्या आहेत अशीं मोहिमांचीं छायाचित्रें दाखविलीं, आणि या नकला कोणकोणत्या शहरांतून फिरल्या याचा वृत्तांत दिला. तरीहि आमची एक तक्रार राहतेच. नक्कल व त्याच खडकाचें आजचें छायाचित्र शेजारीं शेजारीं ठेवून, नक्कलकारानें कोठें जोडलें, कोठें वगळलें, कोठें सरळ केलें याची तपशीलवार तुलना व्हावयास पाहिजे. एक-दोन चित्रांची नव्हे, निदान एका संपूर्ण मोहिमेची. पाठभेदांची यादी दिल्याशिवाय ग्रंथ संपादित झाला असें आपण म्हणत नाहीं. तोच नियम येथें लावावा. कांहीं खडकांवरील चित्रें त्यानंतर ऊन, पाणी व माणसाचे हात यांनीं झिजलीं आहेत, आणि तेथें ही नक्कलच यापुढें आधारप्रत होणार असल्यामुळें तुलना लवकर झाली पाहिजे. जेथें मूळ शिल्लक आहे तेथें ती आज करतां येते.

आपल्याकडे अजिंठ्याच्या नकला संग्रहालयांखेरीज जुन्या संस्थानिकांच्या वाड्यांत, कलाशाळांच्या कोठारांत व खाजगी घरांतहि सांपडण्याचा संभव आहे. त्यांच्या पुढच्या बाजूकडे सर्वांचें लक्ष जातें. आमची विनंति अशी कीं, ज्यांच्या संग्रहीं असा पट असेल त्यांनीं तो उलटून पाहावा. लेण्याचा क्रमांक, वर्ष, विद्यार्थ्याचें नांव, क्वचित् एखादी पेन्सिलीची खूण पाठीवर असूं शकते. नव्या चौकटींत बसवितांना ती पाठ पुठ्ठ्यानें झांकली जाते किंवा नवें कापड चिकटवून कायमची बंद होते. चौकटीचें काम कारागिराकडे देण्यापूर्वीं पाठीवर जें असेल तें अक्षरशः उतरून घ्यावें, व पट कोणाकडून आला हें त्याखालीं लिहावें.